सहाशे मीटरच्या वर फक्त आत्या

प्रिय आत्या,

वाकून नमस्कार. तू आमचा फोन उचलत नाहीस (परवा उचललास, पण माझा आवाज ऐकून ‘घरी कुणी नाही’ म्हणालीस, आणि तेही तुझ्याच आवाजात), म्हणून हे पत्र. तुझे गुडघे कसे आहेत? उजवा अजून जिना चढताना कुरकुरतो का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तुझ्या कुंड्या सरकवल्या होत्या, त्या भांडणाचं पुढे काय झालं? (तू जिंकलीस हे मी धरूनच चालते, किती दिवसांत तेवढं कळव.) इकडे सगळं ठीक. आई बरी आहे. बाबा बरे नाहीत, पण बरे आहेत म्हणतात. मी दोघांच्या मध्ये आहे. आणि हो, मला तुझ्याकडून काहीही नको आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण ‘त्या घरातून चौकशी आली की समजावं, काहीतरी हवंय’ असं तू माझ्या मावशीला म्हणालीस ते आमच्यापर्यंत पोचलं आहे. तर हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे. चष्मा लावून, बसून वाच.

आता इकडची हकीकत. बाबांच्या वाइनचा विषय काढलेला तुला खपत नाही हे मला ठाऊक आहे, पण या घरात दुसरा विषय शिल्लकच नाही, तेव्हा माझा नाइलाज आहे. जेवताना वाइन, अंथरुणावर पडल्यावर वाइन, न्हाव्याकडे गेले तर न्हाव्यालाही वाइन. (फक्त पिताना वाइनबद्दल बोलायचं नाही, तेव्हा सगळ्यांनी गप्प बसायचं असा नियम आहे.) अठरा वर्षांपूर्वी गणिताची मास्तरकी मुदतीआधी सोडून त्यांनी या उतारावर द्राक्षाच्या वेली लावल्या तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. तूही ठेवलीस, पण तू तोंडावर ठेवलीस, हे बाबाही मान्य करतात. पहिल्या वर्षीची वाइन आईने फरशी पुसायला घेतली आणि फरशी लख्ख झाली. दुसऱ्या वर्षीची फरशीलाही सोसली नाही. तिसऱ्या वर्षी बाटल्यांची बुचं आपोआप उडाली आणि तळघरात जी काही चकमक झाली तिच्या खुणा अजून छतावर आहेत. पण आत्या, गेल्या हंगामाची वाइन खरंच चांगली झाली आहे गं. घरचं ते गोड म्हणणाऱ्यातली मी नाही, तू मला ओळखतेस. मी बाटल्या धुते, लेबलं चिकटवते, पत्रव्यवहार बघते, आणि अठरा वर्षं खोटं खोटं ‘वा’ म्हणत आले. या वेळी पिंपातून पहिला घोट घेतला आणि ‘वा’ म्हणायचंच विसरले. बाबा घाबरले, त्यांना वाटलं पुन्हा फरशीचीच झाली. मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले.

हे सगळं चालू असताना जो घोटाळा झाला तो तुला सांगितलाच पाहिजे, कारण त्याची सुरुवात तुझ्यापासून आहे. (रागावू नकोस, पुढे वाच.) वाटणीचा दिवस आठवतो ना? मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. बाबांनी नकाशा टेबलावर पसरला, शाळेतली लाकडी पट्टी ठेवली आणि उताराच्या मधोमध रेघ मारली. खालचं त्यांचं, वरचं तुझं. खाली माती, विहीर, रस्ता आणि त्यांच्या सात वर्षांच्या वेली, वर दगड, काटेरी झुडपं आणि मोडकं फाटक. ‘क्षेत्रफळ अगदी समान आहे,’ असं ते तीनदा म्हणाले. तू म्हणालीस, ‘क्षेत्रफळ समान आहे रे, जमीन नाही.’ त्यावर बाबा म्हणाले, वर हवा चांगली आहे. मग तू उठलीस, पायात चपला घातल्यास आणि जाता जाता म्हणालीस, ‘डोंगर डोंगर काय करतोस, टेकाड आहे ते.’ ते शेवटचं. त्यानंतर अकरा वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. पण तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही.

त्या दिवशी वादळ होतं. पत्रे उडत होते, आईने खिडक्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. आणि हे गृहस्थ, टेकाड शब्द जिव्हारी लागल्यामुळे, भंगारवाल्याकडून आणलेलं एक गोल पितळी यंत्र शर्टाच्या आत घालून बाहेर पडले. ते यंत्र उंची दाखवतं. हवेचा दाब किती आहे त्यावरून त्याचा काटा फिरतो. तासाभराने बाबा परत आले ते नखशिखांत भिजलेले, एक चप्पल गायब, आणि चेहऱ्यावर असा काही विजय की आईला वाटलं तुम्हा दोघांचा समेट झाला. ‘सहाशे बारा!’ म्हणाले. ‘आपल्या फाटकाशी सहाशे बारा मीटर. टेकाड म्हणे!’ दुसऱ्या दिवशी फाटकाच्या खांबावर हातभर आकड्यांत ६१२ रंगवलं. त्याच महिन्यात विक्रीसाठी पहिली बाटली निघाली, तिच्या लेबलावर मी माझ्या हाताने ‘उंची ६१२ मीटर’ लिहिलं. वाइनचं नाव बारीक अक्षरात आणि आकडा ठळक, असा त्यांचा आग्रह होता.

मग काय, आकडा सुटला. पाच-सहा वर्षांत आमचं बघून डोंगरावर (मी डोंगरच म्हणणार, मला इथे राहायचं आहे) आणखी आठ जणांनी वेली लावल्या. त्यातले आमच्या खालचे म्हणजे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांना ‘आ करा’ म्हणून झाल्यावर आता ते स्वतःच आ करून वाइनबद्दल बोलतात. बाबांचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. कारण काय, तर डॉक्टरांनी बाबांची वाइन पिऊन ‘हिरड्यांना चांगली आहे’ असं म्हटलं. पण डॉक्टरांनाही लेबलावर उंची हवीच होती. त्यांनी काय केलं, आमच्या खांबावरचा आकडा घेतला, तिथून आपल्या दारापर्यंतचे बांध मोजत खाली उतरले आणि वजाबाकी केली. त्यांच्या पलीकडच्याने डॉक्टरांच्या आकड्यावरून आपला काढला. अशा रीतीने अख्ख्या डोंगराची उंची बाबांच्या फाटकाला टांगलेली होती. कुणालाही स्वतः मोजावंसं वाटलं नाही. गणिताच्या मास्तरांनी मोजलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार?

त्यातच शहरातून एक चाखणारे गृहस्थ आले. वाइन चाखायची आणि तिच्यावर मासिकात लिहायचं हा त्यांचा धंदा. घोट घेतात, गाल फुगवून चूळ भरल्यासारखं करतात आणि बादलीत थुंकतात. बाबांना ते थुंकणं बघवेना, प्रत्येक वेळी त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. आईने सरळ विचारलं, एवढी चांगली आहे तर थुंकता कशाला? गृहस्थांनी आणखी एक घोट थुंकला, पण लेख छान लिहिला. हा एक ‘उदयोन्मुख डोंगरी प्रदेश’ असून सहाशे मीटरच्या वरच्या थंड हवेमुळे इथल्या वाइनचा कणा ताठ आहे आणि तिला ओल्या दगडाचा सुगंध आहे, असं त्यात होतं. बाबांनी तो लेख चौकटीत लावला आणि दुसऱ्या दिवशी मळ्यातले दगड भिजवून चाटून बघितले. (डॉक्टरांनी कुंपणावरून ओरडून सांगितलं की त्याने दातांचं वरचं कवच जातं. बाबांनी त्यांच्याकडे बघत बघत आणखी एक चाटला.)

‘उदयोन्मुख’ हा शब्द एकदा छापून आल्यावर सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. नऊ जणांचं उत्पादक मंडळ निघालं, बाबा अध्यक्ष झाले, आणि आपल्या उताराला वाइनचा प्रदेश म्हणून सरकारी मान्यता घ्यायची असं ठरलं. मान्यता मिळाली की बाटलीवर प्रदेशाचं नाव छापता येतं आणि शहरातली मोठी दुकानं माल घेतात. नाही मिळाली तर खालच्या सपाटीवरच्या कारखान्याचा टँकर येतो, पाइप लावून पिंपं उपसतो, आणि तुमची अठरा वर्षं कुणाच्या तरी साखरेच्या पाण्यात मिसळून पिशवीतून विकली जातात. म्हणजे हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. पण बाबांनी तो मानाचा केला. अर्जात प्रदेशाची खालची सीमा लिहायची असते. बाबा म्हणाले, सहाशे मीटर. त्याच्या खालचं ते आपलं नव्हे. आकडे असे होते बघ: बाबांची सर्वांत खालची ओळ सहाशे दोनवर, डॉक्टरांची सर्वांत वरची पाचशे पंच्याण्णववर. बाबा हे सगळं हवा, थंडी, दव यांच्या नावाने बोलत होते, पण मंडळातल्या प्रत्येकाला कळत होतं की ही रेघ डॉक्टरांच्या नाकासमोरून काढली आहे. बाकीचे सात जण बाबांच्या बाजूचे आणि वरचे, त्यामुळे त्यांनी मूग गिळले. डॉक्टरांनी रागारागाने सभा सोडली. बाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला, सहाशे हा आकडा दोनदा अधोरेखित केला आणि त्या दिवशी आईला सांगून गोडधोड करवलं.

दोन महिन्यांनी कार्यालयाकडून मोजणीदार बाई आल्या. डोक्यावर कापडी टोपी, तीन पायांचं यंत्र, स्वतःचा डबा. बोलणं मोजकं. हमरस्त्याच्या पुलाशी सरकारी खुणेचा दगड आहे, तिथून त्या मोजत मोजत वर आल्या, आमच्या फाटकाशी यंत्र लावलं, वहीत लिहिलं आणि पुढे निघाल्या. बाबा खांबाला टेकून उभे होते, सहज म्हणून त्यांनी वहीत डोकावलं. पाचशे एकाहत्तर. बाबा हसले. म्हणाले, बाई, तुमचा हातचा राहिला. बाईंनी पुन्हा मोजलं. पाचशे एकाहत्तर. बाबांनी त्यांना तिसऱ्यांदा मोजायला लावलं, मग धावत घरात गेले आणि ते पितळी यंत्र घेऊन आले. सरकारी यंत्रात दोष आहे हे सिद्ध करायचं होतं. काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पाचशे सत्तरवर जाऊन बसला. त्या दिवशी आकाश कसं निरभ्र होतं, आत्या! बाईंनी फक्त एक प्रश्न विचारला, ‘तुम्ही मोजलंत तेव्हा हवा कशी होती?’ वादळात हवेचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की या यंत्राला वाटतं आपण उंचावर आलो, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांवर ‘ताळा करून बघा’ असा शेरा मारणाऱ्या माणसाने स्वतः मात्र कधीही ताळा केला नाही.

संध्याकाळपर्यंत सगळा डोंगर एक्केचाळीस मीटर खाली बसला होता. नऊच्या नऊ जण सहाशेच्या खाली. बाबांनी डॉक्टरांना बाहेर ठेवायला बांधलेल्या भिंतीच्या बाहेर आता बाबाच उभे होते, आणि डॉक्टर शेजारी. डॉक्टर आधी इतके हसले की त्यांची स्वतःची कवळी आहे हे आम्हाला प्रथमच कळलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपलीही पिंपं भरलेली आहेत, आणि ते हसायचे थांबले. उरलेल्या सात जणांनी बाबांवर जे तोंडसुख घेतलं ते मी लिहीत नाही, तुला उगाच आनंद होईल. ते चाखणारे गृहस्थ बातमी ऐकून पुन्हा आले. त्याच पिंपातली तीच वाइन त्याच पेल्यातून चाखली आणि या वेळी त्यांना तिच्यात ‘सखल भागातला मऊ, थोडा आळसावलेला गोडवा’ सापडला. ताठ कणा कुठे गेला असं आईने विचारलं, तर म्हणाले, जरा वाकल्यासारखा वाटतो.

बाबांचं काय सांगू? त्यांनी खांबावरचा आकडा चुन्याने पुसला, पण तो आतून दिसतोच, म्हणून पुन्हा चुना लावला, पुन्हा दिसतो. आठवड्यातून एकदा तळघरात जाऊन पिंपं वरपर्यंत भरतात (पिंपात हवा राहिली तर वाइन बिघडते, आणि लाकूड तर थोडी थोडी पीतच असतं), तेवढं एक काम चुकवत नाहीत. बाकी कशाला हात लावत नाहीत. परवा दुधाचा हिशेब आईने विचारला तर म्हणाले, मला आकडे विचारू नकोस. मला रडू आलं गं. तुला वाटेल बरी जिरली. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं होतं.

शेवटी मीच कार्यालयात गेले. खिडकीमागे एक बाई पंख्याखाली कागद दाबून बसल्या होत्या. मी म्हटलं, अर्जातला सहाशेचा आकडा चुकून पडला, पाचशे चाळीस करा (डॉक्टरांची सर्वांत खालची ओळ पाचशे त्रेचाळीसवर आहे). त्या म्हणाल्या, करता येईल, नियम चौदाप्रमाणे सीमेत बदल सुचवण्याचा अधिकार सीमेच्या आत लागवड असलेल्या उत्पादकांच्या सभेला आहे. मी म्हटलं, पण सीमेच्या आत कुणीच नाही. त्या म्हणाल्या, मग सभा होऊ शकत नाही, अर्ज महिनाअखेरीला निकाली निघेल आणि पुढचा सात वर्षांनी. बाबा आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. मी तिथेच बाकावर बसून राहिले. तेव्हा त्या बाईंना दया आली असावी, त्यांनी मोजणीचा नकाशा काढला. सगळा उतार पांढरा, आणि अगदी वर एक हिरवा तुकडा. सहाशे चारपासून सहाशे अठरापर्यंत. त्यांनी विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, माझ्या आत्याचं. आमच्या या उदयोन्मुख प्रदेशात आजमितीस तू एकटी उगवलेली आहेस.

असो. ही आपली इकडची गंमत, तुला करमणूक म्हणून कळवली. गुडघ्यांना जप, थंड फरशीवर अनवाणी चालू नकोस. आईने तुला आठवण सांगितली आहे.

तुझी भाची

ता. क. तुझ्या वरच्या जमिनीचे कागद तुझ्याकडेच आहेत ना? सहज विचारलं. वाळवी फार झाली आहे म्हणतात.

ता. क. २. बरं, खोटं बोलून मला पचत नाही. सोबत एक छापील अर्ज आहे. पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर. तेवढ्याने तू प्रदेशातली एकमेव उत्पादक होतेस, म्हणजे सभाही तूच. अध्यक्ष तू, ठराव मांडणारी तू, अनुमोदन देणारी तू. सभा तुझ्या स्वयंपाकघरात घेतलीस तरी चालते, मी विचारून आले आहे. इतिवृत्त मी आधीच लिहून पाठवलं आहे (‘चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली’ हे वाक्य खोडू नकोस, ते लागतं). फक्त एक चौकट कोरी आहे: ‘नवी सीमा ...... मीटर’. तो आकडा सभेने स्वतःच्या हाताने भरायचा असतो. तिथे ५४० लिही. पाचशे बहात्तर लिहून बाबांना (त्यांची सर्वांत वरची ओळ फाटकाशीच आहे) एका मीटरने बाहेर ठेवायचं तुझ्या मनात येईल, माझ्याही आलं असतं. पण नको गं. टँकरवाला येऊन पिंपं मोजून गेला आहे. सही असलेला कागद शुक्रवारपर्यंत माझ्या हातात पडला पाहिजे, आणि फोनवर सही करता येत नाही.

ता. क. ३. ‘उत्पादक’ म्हणवून घ्यायला निदान चाळीस वेली जमिनीत असाव्या लागतात. त्या आहेत. म्हणजे लावल्या आहेत. गेल्या रविवारी बाबा डोळे तपासायला गेले होते तेव्हा मी आणि डॉक्टरांनी तुझं फाटक उघडलं (उघडलं म्हणजे उचलून बाजूला ठेवलं) आणि डॉक्टरांकडची जास्तीची रोपं लावून टाकली. न विचारता तुझ्या जमिनीत पाय ठेवला, माफ कर. डॉक्टरांनी खड्डे अगदी सुबक घेतले, पण ते प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत होते त्यात वेळ गेला. ओळी वाकड्या आल्या आहेत. बाबांना यातलं काहीच माहीत नाही आणि कळूही देऊ नकोस, ते आधीच मोडून पडले आहेत.

ता. क. ४. बाबांना कळलं. मी पाकीट चिकटवायला डिंक शोधत असताना त्यांनी टेबलावरचं हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, उभ्यानेच. तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. मला वाटलं आता फाडणार. पण ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्या हातातलं पेन मागितलं. खालचं त्यांचं आहे.

ताई,

हिने लिहिलंय ते बहुतेक खरं आहे. दगड मी दोनच चाटले.

वरच्या रोपांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आपल्या दारावरून वर माती सांडत गेलेली मला दिसणार नाही का? चाळीसपैकी नऊ कलली होती, ती सरळ करून काठ्या बांधल्या. रोज सकाळी दोन बादल्या घेऊन वर जातो, मध्ये तीनदा बसतो. वर वारा फार आहे. बादलीतलं पाणी अर्धं उडून जातं, बोटं वाकत नाहीत. इतका वारा असतो हे मला वाटणीच्या दिवशीही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तुला हवा चांगली आहे असं म्हणालो.

सही करायची तर कर, नाही तर नको. चौकटीत तुला वाटेल तो आकडा लिही, मी विचारणार नाही. मागची रेघ मी मारली होती. ही तू मार.

ता. क. ५. आत्या, त्यांचं ऐकू नकोस, पाचशे चाळीस. पाच, चार, शून्य. आणि कागद टपालात टाकू नकोस, स्वतः घेऊन ये.